पन्नास दिवसांचा ईस्टर

राखेच्या बुधवारापासून गुड फ्रायडेपर्यंत, ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आमची माणसं किती निष्ठेनं पाळतात! मटण बंद, कुणी चहा सोडलेला, दर शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखाच्या चौदा स्थानांची प्रार्थना), गुड फ्रायडेला भर दुपारी तीन तास चर्चमध्ये. मग ईस्टरचा रविवार येतो. नवे कपडे, केक, बिर्याणी, फोनवर शुभेच्छा. आणि सोमवारी सगळं आवरून ठेवलेलं. ज्या सणाची चाळीस दिवस वाट पाहिली, त्याच्या वाट्याला आपण एक दिवस ठेवतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, म्हणून लिहायला बसले.

चर्चच्या पंचांगात ईस्टर एका दिवसाचा नाहीच. यंदा ५ एप्रिलला सुरू झाला तो २४ मेपर्यंत, पवित्र आत्म्याच्या सणापर्यंत, म्हणजे पेंटेकॉस्टपर्यंत चालेल. पन्नास दिवस, म्हणजे उपवासकाळापेक्षाही लांब. त्यातले पहिले आठ दिवस तर ईस्टरचेच धरतात आणि रोजच्या मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) मरणातून उठलेल्या प्रभू येशूच्या दर्शनाचं वेगळं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधला त्याचा वृत्तांत, असतो. मंगळवारी येशूची शिष्या मग्दालीया मरीया, बुधवारी अम्माऊस गावाकडे निघालेल्या दोन शिष्यांची वाट, शुक्रवारी समुद्रकाठची न्याहारी, आणि आठव्या दिवशी, रविवारी, लगेच विश्वास न बसलेला शिष्य थोमा. या आठ दिवसांत मिस्साला किती माणसं असतात ते ज्यानं-त्यानं आपापल्या चर्चमध्ये पाहावं.

मी नर्स होते. तीसेक वर्षं वॉर्डात गेली. माहेर जळगावकडचं, प्रोटेस्टंट मंडळीतलं. सासर भुसावळचं, कॅथलिक, रेल्वेतलं. त्यामुळे माझ्या प्रार्थनेत दोन्ही घरचं आहे. माहेरचं बायबलच्या वचनांचं पाठांतर आहे आणि सासरची मेणबत्तीही आहे. दोन्हीकडच्यांना ते थोडं खटकतं. मला मात्र दोन्ही लागतात.

हे गेले ते उपवासकाळात. काही आठवड्यांत ईस्टर आला. ईस्टरच्या आदल्या, जागरणाच्या रात्री अंधारात नवी मेणबत्ती पेटली, घंटा वाजल्या, चाळीस दिवस न म्हटलेलं ‘आलेलुया’ सुरू झालं आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. माझा नवरा गेला होता, त्यांचा मुलगा. घरी आल्यावर चपला काढता काढता त्या म्हणाल्या, “आज नाही म्हणता आलं तर राहू दे गं. पन्नास दिवस आहेत.”

त्या वाक्यावर मी आजवर चालले आहे. तोपर्यंत मला वाटायचं, की ईस्टरच्या दिवशी आनंद झालाच पाहिजे, नाही झाला तर आपल्या विश्वासात काहीतरी कमी आहे. आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, बोलण्यानंतर मी शुभवर्तमानं पुन्हा काढली आणि त्या पहिल्या दिवसांत खरोखर कोण-कोण आनंदी होतं ते पाहत गेले. त्या पहाटे तर जवळजवळ कुणीच नाही! मार्काच्या शुभवर्तमानात बाया कबरेपासून पळत सुटतात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. मग्दालीया मरीया रडते आहे. शिष्य पेत्र वाकून रिकामी तागाची वस्त्रं पाहतो आणि नवल करत घरी जातो. थोमाला तर आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत बाकीच्यांनी त्याला घराबाहेर काढलं नाही, ही गोष्ट माझ्या फार मोलाची आहे. आणि लूकानं तर एक असं लिहून ठेवलंय, की प्रभू समोर उभा राहून हात-पाय दाखवतो आहे आणि तरी शिष्यांना आनंदामुळेच ते खरं वाटेना. मग प्रभू काय करतो? खायला काही आहे का विचारतो. ते भाजलेल्या माशाचा तुकडा देतात आणि तो त्यांच्यासमोर खातो.

आनंदामुळे खरं न वाटणं मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याची आशा सोडली होती तो पेशंट डोळे उघडतो, पाणी मागतो, आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला आपण जाऊन सांगतो. ती हसत नाही. नुसती बघत राहते. पुन्हा पुन्हा तेच विचारते. तिला आत नेऊन त्याचा हात तिच्या हातात द्यावा लागतो, त्याला तिच्या हातानं चमच्यानं पाणी पाजायला लावावं लागतं, तेव्हा कुठे ते आत उतरतं. दुःख एका क्षणात खरं वाटतं. आनंद खरा वाटायला वेळ लागतो. प्रभूला हे ठाऊक होतं म्हणूनच तो एकदाच दिसून निघून गेला नाही, चाळीस दिवस येत राहिला, असं बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात आहे. त्याच्या स्वर्गारोहणानंतर आणखी दहा दिवस वाट पाहायला सांगितली. पन्नास दिवस आपल्यासारख्या सावकाश समजणाऱ्यांसाठी आहेत.

म्हणून मी हा काळ कसा पाळते ते सविस्तर लिहिते. कुणाला यातलं एखादंच जमलं तरी चालेल.

पहाटेपासून सुरुवात करते, कारण भुसावळला या दिवसांत दुसरी वेळच नाही. एप्रिलअखेर पारा ४५ अंशांकडे सरकतो. दहा वाजल्यापासून खिडक्या बंद, पडदे ओले, कूलर चालू, आणि संध्याकाळी सात वाजेपर्यंत भिंती आग ओकतात. संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आध्यात्मिक साधनेची जी पुस्तिका लिहिली, तिचे चार ‘आठवडे’ आहेत आणि चौथा सगळा पुनरुत्थानावर आहे. आधीच्या पापचिंतनाच्या आठवड्यात ते खिडक्या-दारं लावून अंधारात बसायला सांगतात. चौथ्यात मात्र उजेड घ्या म्हणतात, ऋतूचं सुख घ्या म्हणतात. उन्हाळ्यात गारवा, हिवाळ्यात ऊन किंवा ऊब, जे तुम्हाला प्रभूत आनंदी व्हायला मदत करेल ते. मी हे पहिल्यांदा एका रिट्रीटमध्ये, प्रार्थनेच्या शिबिरात, ऐकलं तेव्हा थक्क झाले. देवासाठी सोसायचं असतं हे लहानपणापासून ऐकलेलं. देवासाठी गार वाऱ्यात बसायचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

पण आमच्याकडे उजेड आणि गारवा एकत्र मिळत नाहीत. दुपारी उजेड हवा म्हणून खिडकी उघडली तर झळ आत येते. गारवा हवा तर अंधार करून बसावं लागतं. दोन्ही एका वेळी मिळतात ते फक्त पहाटे, साडेपाच ते साडेसहा. बाया कबरेकडे निघाल्या ती नेमकी हीच वेळ. मी गच्चीवर जाते. रात्री गच्चीवर पाणी मारून झोपलेलो असतो, जमीन अजून थंड असते. माठातलं वाळा टाकलेलं पाणी पेल्यात घेते आणि पहिला घोट सावकाश, प्रभूचं नाव घेऊन पिते. ही माझी प्रार्थनेची सुरुवात. यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही. ज्यानं समुद्रकाठी विस्तव करून ठेवला आणि रात्रभर जाळी ओढून दमलेल्यांना “या, न्याहारी करा” म्हणाला, त्याला हा घोट नक्की कळतो.

प्रार्थना उभं राहूनच करते. इ. स. ३२५ मध्ये निकाया इथे जी धर्मसभा भरली, तिनं नियमच केला होता, की रविवारी आणि पेंटेकॉस्टपर्यंतच्या दिवसांत गुडघे टेकायचे नाहीत, उभ्यानं प्रार्थना करायची. आज तो कुणी सक्तीनं पाळत नाही, पण पाळून पाहा. माझे गुडघे आता दुखतात, त्यामुळे सोय होते हे खरंच, पण तेवढ्यासाठी नाही. उपवासकाळात गुडघ्यांवर असलेली बाई ईस्टरपासून पन्नास दिवस उभी राहते तेव्हा शरीरालाही कळतं की काहीतरी बदललंय. मन मागं राहिलं असलं तरी पाय पुढे जातात. हे गेले त्या वर्षी माझं तसंच झालं. मन कबरस्तानातच होतं, पण रोज पहाटे मी उभी राहत होते.

मग वाचन. आठवड्याला एकच दर्शन घेते, जास्त नाही. एका दर्शनात सात दिवस राहायचं. इग्नेशियसच्या पद्धतीनं आधी जागा डोळ्यांपुढे आणायची, माणसं पाहायची, ती काय बोलतात ते ऐकायचं, काय करतात ते बघायचं, आणि मग आपण त्यात कुठे आहोत ते शोधायचं. घाईनं अर्थाकडे जायचं नाही. माझं निम्मं आयुष्य मृतदेहांची शेवटची तयारी करण्यात गेलं, त्यामुळे मी त्या बायांबरोबर अगदी सहज चालते. त्या पुनरुत्थान पाहायला निघाल्याच नव्हत्या. त्या काम करायला निघाल्या होत्या. शुक्रवारी घाईघाईत राहिलेलं, सुगंधी द्रव्यं लावायचं काम. वाटेत त्यांची चिंता काय, तर धोंड कोण लोटणार! हे बोलणं मी वॉर्डात हजारदा ऐकलंय. स्ट्रेचर कोण धरणार, गाडी कुठून मिळणार. माणूस गेल्यावर बाया याच गोष्टी बोलतात, कारण बाकीचं बोलवत नाही.

योहानाच्या विसाव्या अध्यायात एक तपशील आहे, तो वाचताना मी दरवर्षी थांबते. कबरेत तागाची वस्त्रं पडलेली आहेत, आणि डोक्याला बांधलेला रुमाल त्यांच्यापासून वेगळा, गुंडाळून एका बाजूला ठेवलेला. योहानानं हे का लिहिलं असेल? दफनासाठी निकदेम नावाच्या माणसानं आणलेलं गंधरस आणि अगरूचं मिश्रण तीसेक किलो होतं. तेवढ्या द्रव्यात भिजलेली वस्त्रं अंगाला चिकटून बसली असणार. कुणी शरीर पळवलं असतं तर कापडासकट उचलून नेलं असतं. रुमाल गुंडाळून ठेवायला कोण थांबतो? ज्याला घाई नाही तो. मी ड्यूटी संपल्यावर एप्रन घडी करून ठेवायचे, त्या घडीची मला आठवण येते. काम पूर्ण झालेल्या माणसाची शांतता त्या रुमालात आहे, आणि त्यावर मी एक अख्खी पहाट घालवू शकते.

मग्दालीया मरीयेला तो बागेचा माळी वाटला. मला डोळ्यांसमोर रावेर-यावलकडची केळीची बाग दिसते आणि त्यात पहाटे पाणी धरायला आलेला सालदार. आमच्याकडे सालदार, म्हणजे वर्षाचा शेतगडी, आखाजीला (अक्षय तृतीयेला) ठरतो आणि पुढच्या आखाजीपर्यंत त्या शेताचा असतो. विंचू-काटा, रात्रीची लाईट, मोटार, सगळं त्याच्या अंगावर. मालकाकडे बघतात तसं त्याच्याकडे कुणी बघत नाही. मरीयाही त्या माणसाकडे नीट बघत नाही, ‘तू त्याला उचलून नेलं असशील तर सांग’ एवढंच म्हणते. आणि तो तिला नावानं हाक मारतो. त्या हाकेपर्यंत आल्यावर मी वाचन बंद करते. आपलं नाव त्या आवाजात ऐकायला येतं का याची वाट पाहते. काही पहाटे येतं. काही पहाटे नुसत्या इंजिनाच्या शिट्ट्या ऐकू येतात, आणि तेव्हाही मी उठून जात नाही.

दुपारी बारा वाजता सासूबाईंची प्रार्थना असते. असायची, म्हणायला हवं. आता ती मी म्हणते. वर्षभर बाराला देवदूताची प्रार्थना म्हणतात, पण पुनरुत्थानकाळात तिच्या जागी ‘हे स्वर्गाच्या राणी, आनंद कर’ ही प्रार्थना येते, तीही उभ्यानं. चार ओळींची आहे. तू ज्याला उदरात वाहिलंस तो सांगितल्याप्रमाणे उठला आहे, आमच्यासाठी प्रार्थना कर, आलेलुया. माझ्या माहेरी प्रभूच्या आईला, मरीयेला, अशी प्रार्थना कधी झाली नाही आणि लग्नानंतर कितीतरी वर्षं मी ती फक्त आईंच्या सोबतीला म्हणून उभी राहून ऐकायचे. हे गेले त्या वर्षी मात्र मी ती प्रार्थना खरी ऐकली. मुलगा गेलेली एक आई दुसऱ्या, मुलगा गेलेल्या आईला सांगत होती, आनंद कर. रोज. घामानं निथळत, एका हातानं पलंगाचा कठडा धरून, पन्नासही दिवस. त्यांचा आवाज पहिल्या आठवड्यात फुटायचा. शेवटच्या आठवड्यात तो सरळ होता.

इग्नेशियसनं चौथ्या आठवड्याचं पहिलंच चिंतन प्रभू आपल्या आईला भेटतो, हे ठेवलं आहे. शास्त्रात हे लिहिलेलं नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की शास्त्र आपल्याला समज आहे असं धरून चाललंय. माझा भाऊ पाळक, प्रोटेस्टंट मंडळीचा धर्मगुरू आहे, त्याला हे पटत नाही. लिहिलेलं नाही ते धरू नये, म्हणतो. त्याच्या जागी तो बरोबर आहे. पण मी आईंना पाहिलंय, म्हणून मी ते चिंतन करते. त्याच पानांवर इग्नेशियस सांगतात, की उठलेल्या प्रभूचं काम सांत्वनाचं आहे आणि मित्र मित्राचं सांत्वन करतात त्याच्याशी ते ताडून पाहा. मी ताडून पाहते. मित्र काय करतो? आधी येतो. बंद दारातून येतो. ‘तुम्हांस शांती असो’ म्हणतो आणि ‘शुक्रवारी तुम्ही कुठे होतात’ हे विचारत नाही.

भावाशीही या काळात माझं एक ठरलेलं आहे. बायबलमधल्या पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय ५८ वचनांचा आहे, सगळा पुनरुत्थानावरचा. ईस्टरपासून आम्ही रोज एक वचन पाठ करतो, अधूनमधून दोन, म्हणजे पेंटेकॉस्टपर्यंत अध्याय पुरा होतो. रात्री फोनवर तो एक म्हणतो, मी पुढचं म्हणते. संडे स्कूलमध्ये बक्षिसासाठी पाठ केलेलं कधीच विसरून गेलं होतं. या वयात पाठ केलेलं राहतं, कारण आता ज्यांच्यासाठी म्हणायचं ती माणसं आहेत. पेरलेलं मेल्याशिवाय जिवंत होत नाही, या वचनाला आलो की आमच्या दोघांच्याही आवाजात वडील असतात. ते माहेरची चार एकर जिरायत करायचे.

मेणबत्तीचंही सांगायला हवं. ईस्टरच्या रात्री पेटवतात त्या पास्काच्या मेणबत्तीवर क्रूस, आल्फा आणि ओमेगा ही अक्षरं आणि त्या वर्षाचे आकडे कोरलेले असतात, आणि पाच घावांच्या खुणा म्हणून धूपाचे पाच दाणे बसवलेले असतात. पेंटेकॉस्टपर्यंत ती वेदीजवळ जळते. त्यानंतर तिची जागा बाप्तिस्मा-कुंडाजवळ. बाळाच्या बाप्तिस्म्याला ती पेटते आणि माणूस गेला की शवपेटीजवळही तीच. ह्यांच्या पेटीजवळ आदल्या वर्षीची होती, उंचीला निम्मी झालेली. तिच्यावरचे आकडे मी मिस्साभर पाहत होते. तेव्हापासून जागरणाच्या रात्री तिच्यावरून पेटवलेली छोटी मेणबत्ती मी घरी आणते आणि हे पन्नास दिवस जेवणाआधी थोडा वेळ लावते. एप्रिल-मेच्या उन्हात ती दुपारी मऊ होऊन वाकते, म्हणून दिवसभर माठाशेजारी ओल्या फडक्यावर ठेवलेली असते. नातवंडांना ते फार आवडतं. ‘आजी, ईस्टर गार करायला ठेवलाय का?’ असं धाकटी विचारते, आणि मी हो म्हणते.

प्रकाशाची वाट आपल्याकडे अजून फार कुणाला माहीत नाही. क्रुसाच्या वाटेसारखीच चौदा स्थानं, पण रिकाम्या कबरेपासून पेंटेकॉस्टपर्यंत. ही भक्ती जुनी नाही. गेल्या शतकाच्या अखेरीस सबिनो पालुम्बिएरी या सलेशियन संघातल्या फादरांनी तिला रूप दिलं. रोमच्या संत कॅलिस्टसच्या भुयारी दफनभूमीत त्याच पंधराव्या अध्यायातली, प्रभू कुणाकुणाला दिसला ते सांगणारी वचनं कोरलेली आहेत, तिथून त्यांना ती सुचली. पुढे २००१ मध्ये रोमहून लोकभक्तीबद्दल जी मार्गदर्शिका निघाली, तिनंही ही वाट चांगली म्हणून सांगितली. आमच्याकडे काही घरं मिळून आम्ही ती करतो. पण एक सांगते, चौदा स्थानं एका संध्याकाळी उरकू नका. क्रुसाची वाट एका दिवसाची गोष्ट आहे, ती एका दमात चालता येते. ही पन्नास दिवसांची गोष्ट आहे. सात आठवडे, चौदा स्थानं, आठवड्याला दोन. कुणाच्या तरी अंगणात, दिवस मावळल्यावर, सडा टाकून. एक स्थान वाचायचं, बराच वेळ गप्प बसायचं, एक गाणं, दुसरं स्थान, पन्हं, आणि घरी. आमच्या फादरांनी सुरुवातीला एकाच दिवशी सगळी ठेवली होती. आठव्या स्थानापर्यंत लेकरं झोपली आणि मोठी माणसं घड्याळ बघू लागली. आता कुणी घड्याळ बघत नाही.

अम्माऊसची वाट मात्र बसून करण्यासारखी नाही, ती चालूनच करायला हवी. लूकाच्या हिशेबानं यरुशलेमपासून साठ स्टेडिया, म्हणजे अकरा किलोमीटरच्या आसपास. आमच्याकडून वरणगाव आहे, जवळपास तेवढं. एवढं आम्ही चालत नाही. यावल रस्त्यानं तापीच्या पुलापर्यंत जातो आणि परत येतो. दोघं-दोघं मिळून निघायचं. जाताना एकानं आपल्या मनातलं, मोडलेलं, अपेक्षेसारखं न झालेलं सगळं बोलायचं. ‘आम्हाला आशा होती की…’ असंच ते दोघे प्रभूला म्हणाले होते. दुसऱ्यानं फक्त ऐकायचं. पुलावर थांबून लूकाचा चोविसावा अध्याय वाचायचा, भाकरीचा तुकडा मोडून दोघांनी खायचा आणि परतताना दुसऱ्यानं बोलायचं. केळीचे ट्रक जातात, कुणी ओळखीचा हॉर्न देतो, नदी त्या वेळी राखाडी दिसते. चैत्र पौर्णिमेला वणीच्या सप्तशृंगीला पायी जाणारे भाविक ऊन टाळायला रात्री आणि पहाटे चालतात. चालण्यातली प्रार्थना खानदेशाला कुणी नव्यानं शिकवायला नको.

यंदा एक योग आला. पुनरुत्थानकाळातला तिसरा रविवार, ज्याचं यंदाचं शुभवर्तमान अम्माऊसचंच होतं, आणि आखाजी, दोन्ही १९ एप्रिललाच. पहाटे चालून, मिस्सा करून घरी आले तर गल्लीत निंबाच्या झाडाला झोका बांधलेला, माहेरवाशिणी आलेल्या, सगळीकडे पुरणाचा वास. शेजारच्या ताई अमळनेरकडच्या. त्यांनी पितरांच्या नावानं घागर भरली होती, पाण्यानं भरलेली नवी घागर आणि वर डांगर, म्हणजे खरबूज. मागच्या पावसाळ्यात त्यांचे यजमान गेले, त्यांच्यासाठीही भरली. मला बघून म्हणाल्या, “ये वं माय सिस्टर, बस.” मग विचारलं, “तुमच्यात गेलेल्यांसाठी काय करता?”

मी सांगितलं, की ईस्टरला उजाडायच्या आत आम्ही कबरस्तानात जातो. कबरी धुतलेल्या असतात, फुलं ठेवलेली, मेणबत्त्या लावलेल्या. माहेरी तर पहाटेची उपासनाच तिथे व्हायची. सूर्य उगवायच्या सुमारास एक जण मोठ्यानं म्हणतो, प्रभू उठला आहे, आणि बाकीचे म्हणतात, खरोखर उठला आहे. मग सगळे आपापल्या माणसाच्या कबरेशी जाऊन तेच हळू म्हणतात. “त्यांना सांगता?” त्यांनी विचारलं. हो, त्यांना सांगतो. आणि तेही उठतील, असा आमचा विश्वास आहे. ताई बराच वेळ घागरीकडे बघत राहिल्या. मग आत जाऊन वाटीत रस आणि पोळी घेऊन आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या यजमानांबद्दल बोलल्या. मी ऐकलं. सकाळी पुलावर जसं ऐकलं होतं तसंच.

हे वाचून कुणाला वाटेल, आता एप्रिल संपत आला, सुरुवात तर हुकली. काही हुकलेलं नाही. थोमाचंही हुकलं होतं. या आठवड्यात योहानाचा एकविसावा अध्याय घ्या. सात जण होडीत आहेत, रात्रभर काही मिळालेलं नाही, काठावर कुणीतरी उभा आहे. कोळशाच्या विस्तवापाशी थोडं थांबा, कारण महायाजकाच्या अंगणात पेत्रानं नाकारलं तेव्हाही तो असाच विस्तव शेकत उभा होता. १५३ मासे मोजणाऱ्याची मला फार माया वाटते. प्रभू समोर असतानाही कुणीतरी बसून मासे मोजले! पेत्राला तीनदा विचारलेला ‘माझ्यावर प्रेम करतोस का’ हा प्रश्न आपल्याला विचारला जाईपर्यंत पुढे जाऊ नका.

१४ मेला स्वर्गारोहण आहे, बऱ्याच चर्चमध्ये ते पुढच्या रविवारी, १७ तारखेला करतील. त्यानंतरचे दिवस वाट पाहण्याचे. वरच्या खोलीत शिष्य, बाया आणि प्रभूची आई जमून प्रार्थना करत होते. आम्हीही संध्याकाळी एकत्र जमतो. रोहिणी लागायच्या बेतात असते, कापसाच्या लागवडीसाठी बागायतदारांची धावपळ सुरू झालेली असते, उकाड्यानं जीव नको होतो, आणि त्यातच पवित्र आत्म्याचा सण येतो.

अम्माऊसची पुढची फेरी येत्या रविवारी आहे. पहाटे पाचला चर्चच्या फाटकाशी जमायचं, सातच्या आत परत. मंडळी कुठलीही असो, या. जोडीदार नसेल तर तिथे मिळेल. पाण्याची बाटली आणि डोक्याला रुमाल घ्या, परतताना ऊन तोंडावर येतं. भाकरी मी आणते.